कुहीचं सोयाबीन आणि कोंबडीचं आतडं

मंडळी, कुहीत बसून कोंबडीच्या पोटाचा इतिहास सांगायचा, तर आम्ही सुरुवात सोयाबीनपासून करतो. १९८०नंतर हे पीक विदर्भात पसरलं. तेल काढून उरलेली ढेप मक्यासोबत ब्रॉयलरच्या खाद्यात जाऊ लागली. पण या खाद्यातला सुमारे दोन-तृतीयांश फॉस्फरस फायटेटमध्ये अडकलेला असतो. तो सोडवणारा विकर, म्हणजे एन्झाइम, कोंबडीच्या आतड्यात पुरेसा नसतो. खाल्लेलं अंगी लागत नाही, विष्ठेतून बाहेर पडतं. नेदरलँड्समध्ये अशा खतानं माती-पाणी बिघडलं, तेव्हा १९९१मध्ये फायटेज बाजारात आलं. गंमत बघा, आपल्याकडे तेच खाद्याचा खर्च वाचवायला वापरतात.

पुढं २००६मध्ये युरोपीय संघानं वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविकं घालणं बंद केलं. भारतानं २०१९मध्ये कोलिस्टिनवर बंदी आणली. मग आतडं सांभाळायचं कसं? झायलनेज धान्याच्या पेशींच्या भिंती फोडतं. न पचलेलं कमी उरलं, की क्लॉस्ट्रिडियमसारख्या जंतूंचं फावत नाही. मात्र हे औषध नव्हे, एवढं आम्ही ठासून सांगू. करारावर कोंबड्या पाळणाऱ्याला खाद्य कंपनीकडूनच येतं. त्यात कोणता विकर किती, हे त्याला सहसा कळतही नाही. शेडमधलं धानाचं तूस कोरडं आणि पाणी स्वच्छ ठेवणं, एवढंच त्याच्या हातात.