बर्कलीची वाट क्युपर्टिनोतून

क्युपर्टिनोत १९६७ साली डी अँझा कॉलेज सुरू झालं, तेव्हा सांता क्लारा खोरं फळबागांसाठी ओळखलं जायचं. कॉलेजला मिळालेली जागाही एका जुन्या द्राक्षमळ्याची. त्याचं थोरलं भावंड, फूटहिल कॉलेज, १९५८ पासूनच भरत होतं. दरम्यान १९६० मध्ये कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाचा ‘मास्टर प्लॅन’ स्वीकारला. वरच्या साडेबारा टक्क्यांतल्या मुलांसाठी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, वरच्या तृतीयांशासाठी स्टेट कॉलेजं आणि कम्युनिटी कॉलेज मात्र शिकण्याची कुवत असलेल्या प्रत्येकासाठी. इथे दोन वर्षं चांगली केलेल्याला तिसऱ्या वर्षी विद्यापीठात जाता यावं, ही सोयही त्यातच होती. मला तीच सर्वांत मोलाची वाटते.

ॲपलचा सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्निअॅक याच वाटेने गेला. कोलोराडो विद्यापीठात त्याने संगणकाचा वापर वर्गाच्या खर्चमर्यादेबाहेर नेला, नंतर घरी परतून तो डी अँझात शिकला आणि १९७१ मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या बर्कली कॅम्पसमध्ये दाखल झाला. तेव्हा कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजात शिकवणी फी नव्हती.

२४ जानेवारी १९८४ रोजी डी अँझाच्याच फ्लिंट सेंटरमध्ये ॲपलने मॅकिंटॉश सादर केला. त्याच वर्षी राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांत पहिल्यांदा सरसकट फी लागली: युनिटमागे ५ डॉलर. १९७८ च्या प्रपोझिशन १३ या सार्वमतामुळे कॉलेजांना मिळणारं मालमत्ता कराचं उत्पन्न आटलं होतं. संगणकाच्या उद्योगाला बहर येत असताना तो विषय शिकवणाऱ्या सरकारी कॉलेजांनी पैसे मागायला लागावं, हे मला आजही खटकतं. फी पुढे वाढत गेली, तरी विद्यापीठाच्या मानाने ती फार कमी राहिली.

आज डी अँझात कॉम्प्युटर सायन्स करणाऱ्याची खरी परीक्षा फीपेक्षा वेळापत्रकाची असते. सी प्लस प्लसचे तीन कोर्स पायरीपायरीने घ्यायचे, तिसरा डेटा स्ट्रक्चर्सचा. शेजारी कॅल्क्युलस, लिनिअर अल्जेब्रा, डिस्क्रीट मॅथ. यांतले बहुतेक कोर्स ठरलेल्या क्रमानेच घ्यावे लागतात. प्रीकॅल्क्युलसपासून सुरुवात करणाऱ्याची दोन वर्षं सहज तीन होतात, आणि हव्या वर्गाच्या वेटलिस्टवर नाव अडकलं तर आणखी एक क्वार्टर जातो. इथला कोणता कोर्स कोणत्या विद्यापीठात धरला जाईल, हे ‘असिस्ट’ या राज्याच्या यादीत पाहता येतं. पण प्रत्येक कॅम्पसची मागणी वेगळी, म्हणून चार ठिकाणी अर्ज करणाऱ्याला चार याद्या जुळवाव्या लागतात. चांगला काउन्सेलर भेटणं म्हणूनच नशिबावर सोडू नये.

आसपासच्या मराठी घरांनाही हे कॉलेज परकं नाही. एच-४ या, नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या व्हिसावर आलेल्यांना २०१५ पर्यंत नोकरीची परवानगी नव्हती, शिकण्याची मात्र मुभा होती. मुलांच्या बाबतीत तरीही ‘कम्युनिटी कॉलेजात कशाला?’ असा सूर निघतो. तो सूर सोडायला हवा. शेवटी बर्कलीची पदवी एकच असते.

ही वाट थोडी सोपीही झाली आहे. राज्याच्या २०१७ च्या कायद्याने कॉलेजात वर्ग ठरवताना शाळेतले गुण विचारात घेणं बंधनकारक केलं, त्यामुळे केवळ पातळी ठरवणाऱ्या चाचणीच्या जोरावर कोणाला गणिताच्या पूर्वतयारी वर्गात अडकवता येत नाही. ठरावीक गुण मिळवल्यास युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे सहा कॅम्पस ट्रान्सफरची हमीही देतात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो देत नाहीत, आणि त्या सहांतही काही ठिकाणी कॉम्प्युटर सायन्स वगळलेलं आहे. जो विषय घ्यायला मुलं इथे येतात, त्याच विषयाला सगळीकडे हमी नाही. विद्यापीठाने ती द्यायला हवी.