पिपेटचा शेवटचा थेंब

प्रयोगशाळेत विद्यार्थी पिपेट हाती घेतो तेव्हा ती काचेची नळी कापडाच्या धंद्यातून तिथवर आली आहे, हे त्याच्या ध्यानी नसते. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये बर्तोले यांनी क्लोरीनने कापड शुभ्र करण्याची रीत दाखवली. आठवडेच्या आठवडे उन्हात पसरावे लागणारे कापड लवकर पांढरे होऊ लागले. परंतु द्रावण तीव्र झाले तर धागा कमजोर होई आणि सौम्य राहिले तर मळकटपणा जात नसे. रूआँ येथील देक्रुआझिल यांनी त्यावर तोड काढली. निळीचा रंग किती उडतो यावरून विरंजक द्रावणाचे बळ मोजायचे. १८२४ मध्ये गे-ल्युसाक यांनी ही पद्धत अधिक नेमकी केली आणि त्यांच्या लेखनातून ‘पिपेट’ व ‘ब्युरेट’ ही नावे रूढ झाली. फ्रेंचमध्ये पिपेट म्हणजे नुसती छोटी नळी.

या नळीचा खरा कस शेवटच्या थेंबापाशी लागतो. द्रव वाहून गेल्यावर टोक पात्राच्या भिंतीला टेकवावे, क्षणभर थांबावे आणि टोकात उरलेला थेंब तसाच राहू द्यावा. एका खुणेच्या पिपेटवरील २५ मिलिलिटर हा आकडा बाहेर पडणाऱ्या द्रवाचा असतो. आत राहणारा अंश खूण आखतानाच हिशेबात धरलेला असतो. फुंकर मारून तो थेंब पाडणाऱ्याला आपण फार काळजीपूर्वक काम केले असे वाटते, आणि उत्तर मात्र चुकते. (फुंकून रिकाम्या करावयाच्या पिपेटा निराळ्या, त्यांवर तसे चिन्ह असते.) नळीच्या तोंडावर तर्जनी ठेवावी, अंगठ्याने द्रव हवा तसा सावकाश सोडता येत नाही.

तोंडाने द्रव ओढण्याची चाल हा या इतिहासातला दुःखद भाग. १८९३ मध्ये पिपेटने ओढताना एका डॉक्टरच्या तोंडात विषमज्वराचे जंतू गेल्याची नोंद आहे. तरीही ही चाल पुढे अर्धशतकाहून अधिक काळ टिकली. मारबुर्गच्या हाइनरिश श्निटगर यांनी १९५७ मध्ये दट्ट्याची पिपेट तयार केली, तीही या ओढण्याला कंटाळूनच.

शाळांतून आता रबरी फुगा आला आहे. ज्या माजी विद्यार्थ्यांच्या जिभेला कधीकाळी ऑक्झॅलिक आम्लाची आंबट चव लागली, त्यांना तो फुगा म्हणजे नसती नाजूक काळजी वाटेल. ते आम्ल विषारी असते.