हुंकाराला मुकलेली कथा

आजीने गोष्ट सांगावी आणि नातवंडाने 'हूं' म्हणत जावे, ही आपल्याकडील जुनी रीत. हुंकार थांबला की गोष्टही थांबे. परप्रांती नोकरी करणाऱ्या आमच्या कित्येक वाचकांच्या घरी आजी आता सुट्टीपुरती येते, आणि मुले संगणकावर 'रोल-प्लेइंग', म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळावयाचे, खेळ खेळतात. या खेळांतील कथा अलीकडे क्षीण झाली, अशी जाणत्या खेळाडूंची तक्रार आहे. तिच्यात तथ्य किती, हे पाहावयाचे तर थोडे मागे जावयास हवे.

या खेळांचा उगम पडद्यावर नव्हे, मेजाभोवती झाला. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला. त्यात एकजण कथा सांगे, बाकीचे आपापले पात्र काय करते ते बोलून दाखवीत, आणि त्या बोलण्याने कथा वळे. हुंकारच तो, मात्र कथेची दिशा बदलणारा. पुढे संगणकाने हे काम पत्करले तेव्हा त्याच्यापाशी आकडेमोड होती, जागा नव्हती. १९८८ च्या 'वेस्टलँड'मधील कथेचे परिच्छेद तबकडीवर मावेनात, म्हणून ते छापील पुस्तिकेत दिले होते. अमुक क्रमांकाचा परिच्छेद वाचा, असे पडद्यावर येई. अधीर होऊन पुढचे वाचणाऱ्यांची फजिती व्हावी यासाठी त्या पुस्तिकेत मंगळावरील मोहिमेची एक सर्वस्वी खोटी कथाही घुसडलेली होती! श्रोत्याची अशी थट्टा करणारा लेखक श्रोत्याला ओळखून असतो.

जागेची अडचण सरली आणि शब्दांची सुगी आली. १९९७ च्या 'फॉलआउट'मध्ये आपल्या पात्राची बुद्धी फारच कमी ठेवली तर त्याला धड बोलताही येत नसे, आणि भेटणारी माणसे त्याला तसेच वागवीत. १९९९ च्या 'प्लेनस्केप : टॉरमेंट'चा नायक मरत नाही, पण त्याला स्वतःची आठवण नाही; तो स्वतःला शोधतो ते बहुतांशी संभाषणांतून. त्या खेळातील मजकूर सुमारे आठ लक्ष शब्दांचा भरतो.

मग पात्रांना आवाज आला. वरवर पाहता ही प्रगतीच. परंतु आमच्या मते उतार येथूनच लागला. लिहिलेले वाक्य स्वस्त असते. तेच नटाकडून वदवून घ्यावयाचे म्हटले की प्रत्येक वाक्याला दाम पडतो, आणि खेळणाऱ्याच्या दहा उत्तरांना दहा प्रत्युत्तरे परवडत नाहीत. 'मॉरोविंड' (२००२) मध्ये बहुतेक संभाषण लेखी होते. वाट विचारली तर गावकरी खाणाखुणा सांगत आणि प्रवासी चुकतही असे. त्याच मालिकेतील 'ऑब्लिव्हियन' (२००६) मध्ये सारे संवाद बोलके झाले आणि होकायंत्रावरील खूणच वाट दाखवू लागली. नव्या गावी बदलून गेलेल्या माणसाला वाट विचारण्यातून किती ओळखी होतात, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको. 'फॉलआउट ४' (२०१५) मध्ये नायकालाही आवाज मिळाला आणि त्याची उत्तरे एका वेळी चारांवर आली. तीही पूर्ण वाक्यांऐवजी त्रोटक शब्दांत दाखविलेली. पुढे २०१८ साली 'फॉलआउट ७६' निघाला, त्यात तर बोलावयास खेळाडूंखेरीज जिवंत माणूसच नव्हता. मृतांच्या ध्वनिफिती, चिठ्ठ्या आणि यंत्रमानव यांच्याकडून कथा ऐकावयाची, हुंकार द्यावयाचा तो कोणाला? खेळाडूंनी फार कुरकूर केली, आणि २०२० साली निर्मात्यांनी त्या ओसाड मुलखात माणसे आणून वसविली.

तेव्हा कथा आटली असे सरसकट म्हणवत नाही. चित्रे, संगीत, अभिनय यांनी नटलेली कथा आजही भरपूर सांगितली जाते. आटला तो ऐकणाऱ्याचा वाटा. आवाजाला सारा दोष देणेही न्याय्य नव्हे. बेल्जियममधील लॅरियन या संस्थेने 'बाल्डर्स गेट ३' (२०२३) मध्ये संवाद वदवून घेतले आणि कथेच्या वाटाही मोकळ्या ठेवल्या. पण तेवढा खर्च आणि तेवढी वर्षे किती जणांना झेपणार?

आम्हांला दुसरे एक उदाहरण अधिक बोलके वाटते. एस्टोनियातील कादंबरीकार रॉबर्ट कुर्विट्झ व त्याचे सहकारी यांच्या 'डिस्को एलिसियम' (२०१९) मध्ये नेहमीची लढाई नाही. स्मृती गमावलेला एक पोलीस अधिकारी लोकांशी, आणि स्वतःच्या मनाशीही, बोलत एका खुनाचा तपास करतो. मजकूर दहा लक्ष शब्दांहून अधिक. प्रथम त्यातील थोड्याच संवादांना आवाज होता; सारा मजकूर वदवून घेतला तो २०२१ साली, शब्द लिहून झाल्यावर.