यकृतविकारात सायटोकाइन्सची दुहेरी भूमिका

यकृताला होणाऱ्या रक्तपुरवठ्यापैकी सुमारे ७५ टक्के रक्त आतडी व इतर पचनेंद्रियांकडून येते. त्यासोबत जीवाणूंचे अंशही येतात. त्यांचा बंदोबस्त यकृतातील कुप्फर पेशी करतात. दीर्घकाळच्या मद्यपानाने आतड्याचे अस्तर कमकुवत झाले, की जीवाणूंच्या आवरणातील एंडोटॉक्सिन अधिक प्रमाणात यकृतात शिरते आणि या पेशी सायटोकाइन्स नावाची प्रथिने सोडू लागतात.

सायटोकाइन्स म्हणजे पेशींनी एकमेकींना धाडलेले निरोप होत. टीएनएफ-अल्फा आणि इंटरल्यूकिन-१ यांमुळे दाह भडकतो. इंटरल्यूकिन-८ रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशींना यकृतात बोलावते. टीजीएफ-बीटामुळे यकृतात तंतू साचू लागतात. ते वाढत गेल्यास सिरॉसिस होतो.

मद्यजन्य तीव्र यकृतदाहाच्या रुग्णांमध्ये टीएनएफ-अल्फाचे प्रमाण वाढलेले आढळते. संधिवातात हे प्रथिन रोखणारी औषधे गुणकारी ठरली होती. तोच उपाय यकृतावरही चालेल, ही अपेक्षा स्वाभाविक होती. प्रत्यक्षात विपरीत घडले. फ्रान्समध्ये ३६ रुग्णांवर इन्फ्लिक्सिमॅबची चाचणी झाली. सर्वांना प्रेडनिसोलोन दिले जात होते. दोन महिन्यांत इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्या गटातील सात, तर दुसऱ्या गटातील तीन रुग्ण दगावले आणि चाचणी थांबवावी लागली. तिचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटॅनरसेप्टच्या चाचणीत सहा महिन्यांतील मृत्यूचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत ५७.७ टक्के, तर इतरांत २२.७ टक्के होते.

इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्यांमध्ये गंभीर जंतुसंसर्ग अधिक आढळला होता. यकृताला इजा करणारे टीएनएफ-अल्फाच जंतूंशी लढण्यासही लागते. शिवाय, उंदरांवरील प्रयोगांनुसार यकृताचा कापलेला भाग पुन्हा वाढण्यासाठी टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-६ यांचे संदेश आवश्यक असतात. शत्रू समजून ज्याचा बीमोड करायचा, तोच दुरुस्तीच्या कामावरही असतो, असा हा पेच आहे.

टीएनएफची निर्मिती घटवणारे पेंटॉक्सिफायलिन हे सौम्य औषधही पुढे निष्प्रभ ठरले. ब्रिटनमधील सुमारे १,१०० रुग्णांच्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने रुग्णांचे प्राण वाचल्याचे दिसले नाही. प्रेडनिसोलोनचा लाभही २८ दिवसांनंतर टिकला नाही. तरीही निवडक रुग्णांना, जंतुसंसर्ग नसल्याची खात्री करून, आजही तेच दिले जाते. मद्यपान पूर्ण थांबवणे आणि पुरेसा आहार ही मात्र प्रत्येक रुग्णाच्या उपचारातील पहिली अट असते.