खिडकी बंद केली, पुढे काय?

संगणकावरील प्रोग्रामने 'फुली' दाबल्यावर कसे वागावे?

प्रतिनिधी, ठाकुर्ली

ठाकुर्ली स्थानकाच्या परिसरातील एखादे डीटीपीचे दुकान डोळ्यांसमोर आणावे. लग्नसराईचे दिवस आहेत. पत्रिकेचे शेवटचे मुद्रितशोधन नुकतेच आटोपले आहे आणि शटर ओढण्याची घाई सुरू आहे. ऑपरेटर पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातील फुलीवर माऊस नेतो. एक छोटी चौकट उमटते. न वाचताच सवयीने 'नाही' दाबले जाते आणि दोन तासांची मेहनत नाहीशी होते. अशा वेळी 'बघून दाबायला हवे होते' असे सांगून दोष माणसावर ढकलला जातो. मात्र संगणकाशी होणाऱ्या संवादाचा अभ्यास करणारे जाणकार गेली अनेक वर्षे वेगळेच सांगत आले आहेत. त्यांच्या मते माणूस घाईत असणार, हे गृहीत धरूनच प्रोग्राम घडवायला हवा.

फुलीचा प्रवास

विंडो बंद करण्याची खूण नेहमीच उजव्या कोपऱ्यात नव्हती. १९८४ साली आलेल्या ॲपलच्या मॅकिन्टॉशवर त्यासाठी डाव्या कोपऱ्यात छोटा चौकोन होता. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ३.१ मध्येही डाव्या कोपऱ्यातील चौकोनावर दोनदा क्लिक करून विंडो बंद करावी लागे. उजव्या कोपऱ्यातील फुली घरोघरी पोहोचली ती विंडोज ९५ मुळे. ही प्रणाली २४ ऑगस्ट १९९५ रोजी बाजारात आली. त्याआधी नेक्स्ट कंपनीच्या संगणकांवर उजव्या बाजूला फुली होतीच. तिथे एक सुंदर सोयही होती. दस्तऐवजातील बदल जतन झालेले नसले की फुली अर्धवट तुटलेली दिसे. पुढे मॅकच्या नव्या प्रणालीत लाल बटणावर उमटणाऱ्या ठिपक्याच्या रूपाने हीच कल्पना टिकून राहिली. एक शब्दही न वाचता 'अजून काम बाकी आहे' एवढे वापरणाऱ्याला कळते.

'ऑल्ट' आणि 'एफ ४' या कळांची जोडीही अशीच जुनी आहे. सर्व प्रोग्राम एकसारखे वागावेत यासाठी आयबीएमने १९८७ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांतून ती रुळली.

विंडो वेगळी, प्रोग्राम वेगळा

सर्वसामान्य वापरणाऱ्याला विंडो म्हणजेच प्रोग्राम असे वाटते. विंडोज प्रणालीवर बहुतेक वेळा ते खरेही ठरते. शेवटची विंडो बंद झाली की प्रोग्रामही संपतो. मॅकवर मात्र दस्तऐवज हाताळणाऱ्या प्रोग्रामची सर्व विंडो बंद झाली तरी प्रोग्राम चालूच राहतो आणि त्याचा मेनू वरच्या पट्टीत दिसत राहतो. तो संपवायचा तर स्वतंत्र आज्ञा द्यावी लागते. विंडोजची सवय असलेला माणूस मॅकसमोर बसला की पहिले काही दिवस याच कारणाने गोंधळतो. दोन्ही पद्धतींमागे आपापला विचार आहे. पण एकाच प्रणालीवरील निरनिराळे प्रोग्राम निरनिराळे वागू लागले, तर मात्र कोणत्याच सवयीवर विसंबता येत नाही.

फुली दाबल्यावर आत नेमके काय घडते, हेही जाणून घेण्यासारखे आहे. संगणक विंडो परस्पर मिटवत नाही. 'बंद होण्याची विनंती आली आहे' असा निरोप तो प्रोग्रामला देतो. त्या निरोपाचे काय करायचे, हे प्रोग्राम ठरवतो. तो लगेच बंद होऊ शकतो, आधी विचारू शकतो किंवा विनंती चक्क नाकारू शकतो. लिनक्सवर वापरल्या जाणाऱ्या एक्स विंडो प्रणालीतही असाच शिष्टाचार आहे. संगणक पूर्ण बंद करतानाही विंडोज प्रत्येक प्रोग्रामला आधी विचारते. प्रोग्रामने सुमारे पाच सेकंद काहीच हालचाल केली नाही, तर 'प्रतिसाद देत नाही' असा शेरा मारून तो बळजबरीने संपवण्याचा पर्याय पुढे येतो. तेव्हा सारी जबाबदारी प्रोग्राम लिहिणाऱ्यावर येऊन ठेपते.

तीन बटणांचा पेच

जतन न केलेले काम असताना विंडो बंद होऊ लागली की तीन पर्याय देण्याची प्रथा आहे. विंडोज एक्सपीच्या नोटपॅडमध्ये ते 'होय', 'नाही' आणि 'रद्द' या अर्थाचे होते. प्रश्न वाचल्याशिवाय या उत्तरांना काहीच अर्थ नसतो, आणि घाईत प्रश्न कोणी वाचत नाही. व्हिस्टाच्या नोटपॅडमध्ये त्यांच्या जागी 'जतन करा', 'जतन करू नका' आणि 'रद्द' या अर्थाची बटणे आली. मॅकवर ही पद्धत आधीपासूनच होती. बटणावर क्रियापद लिहिले की वरचा मजकूर न वाचताही परिणाम कळतो.

लिनक्सवरील जीनोम या प्रणालीने आणखी एक पाऊल टाकले. तिच्या मजकूर संपादकात 'जतन न केल्यास गेल्या बारा मिनिटांतील बदल कायमचे नष्ट होतील' अशा धर्तीची सूचना येत असे. मिनिटांचा आकडा प्रत्यक्ष कामाप्रमाणे बदलत असल्याने गमावण्यासारखे किती आहे, याचा अंदाज माणसाला तिथल्या तिथे येई.

मराठीत हा पेच अधिक बिकट आहे. 'बंद' हा एकच शब्द दिव्यालाही लागतो, दुकानालाही आणि संगणकालाही. त्यामुळे विंडो मिटवणे आणि प्रोग्राम संपवणे यांतला फरक 'बंद करा' या शब्दांतून कळत नाही. दुसऱ्या क्रियेसाठी 'बाहेर पडा' असे लिहिले तर तो उलगडतो. एकाच क्रियेला कुठे 'जतन करा' तर कुठे 'साठवा' असे शब्द वापरले गेल्याने सवय जडणेही कठीण होते. सर्वाधिक घोटाळा 'रद्द करा' या बटणाचा होतो. बदल रद्द होणार की बंद करण्याची क्रिया रद्द होणार, हे नवख्या माणसाने कसे ओळखावे? 'कामाकडे परत जा' असे लिहिले तर संदिग्धता उरत नाही. भाषांतर करणाऱ्याने मूळ शब्दाऐवजी बटण दाबल्यावर होणारी क्रिया डोळ्यांसमोर ठेवली, तर असे अनेक प्रश्न आपोआप सुटतील.

विचारूच नका, सांभाळा

मुळात हा प्रश्न विचारावाच का, असा सवाल ॲलन कूपर यांनी १९९५ मध्ये 'अबाउट फेस' या पुस्तकात उपस्थित केला. मॅकिन्टॉश प्रकल्पाचे जनक जेफ रास्किन यांनीही २००० साली 'द ह्युमेन इंटरफेस' या पुस्तकात खात्री करून घेणाऱ्या चौकटींपेक्षा केलेली क्रिया उलटवण्याच्या सोयीला महत्त्व दिले. माणसाने केलेले काम त्याचेच आहे. ते सांभाळणे हे यंत्राचे कर्तव्य ठरते, आणि टाकून द्यायचे असेल तेव्हाच माणसाने तसे सांगावे, असा या विचाराचा गाभा आहे.

हळूहळू उद्योगाने तो स्वीकारला. फायरफॉक्सच्या दुसऱ्या आवृत्तीत २००६ मध्ये अकस्मात बंद पडलेली पाने पुन्हा उघडून देण्याची सोय आली. ॲपलने २०११ मध्ये 'लायन' प्रणालीत आपोआप जतन होण्याची आणि जुन्या प्रती परत मिळण्याची व्यवस्था केली. विंडोज ११ मधील नोटपॅडही २०२३ पासून बंद करताना प्रश्न न विचारता अपुरा मजकूर पुढच्या वेळी जसाच्या तसा समोर ठेवू लागले.

मराठी मुद्रणक्षेत्राला याची झलक आधीच मिळाली होती. वर्षानुवर्षे वापरल्या गेलेल्या पेजमेकरमध्ये पान बदलताच कामाची एक छोटी नोंद आपोआप होत असे. प्रोग्राम मध्येच कोसळला तर तिथपर्यंतचे काम परत मिळे. अनुभवी ऑपरेटर म्हणूनच मधूनमधून पान बदलून येत.

घड्याळाशेजारचे बिऱ्हाड

काही प्रोग्राम फुली दाबल्यावर विंडो लपवतात आणि घड्याळाशेजारी छोट्या चित्राच्या रूपाने चालूच राहतात. निरोपांची देवाणघेवाण करणाऱ्या प्रोग्रामांनी ही पद्धत रूढ केली. मे २०२५ मध्ये सेवा संपुष्टात आलेला स्काइप हे तिचे परिचित उदाहरण होते. फोन येत राहावेत म्हणून प्रोग्राम जागा राहणे सोयीचे असले, तरी तो जागा आहे हे वापरणाऱ्याला कळायला हवे.

सामायिक संगणकावर हा प्रश्न गंभीर होतो. सायबर कॅफेच्या दिवसांत फुली दाबली म्हणजे आपण बाहेर पडलो, अशी अनेकांची समजूत असे. प्रत्यक्षात खाते उघडेच राही आणि खुर्चीवर बसणाऱ्या पुढच्या माणसाला ते सहज वापरता येई. एक्सपीत न वापरलेली चित्रे आपोआप झाकली जात, त्यामुळे संशयही येत नसे. आजही कार्यालयात, ग्रंथालयात किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत खात्यातून रीतसर बाहेर पडणे आणि विंडो मिटवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लक्षात ठेवलेले बरे.

वीज जाते तेव्हा

सर्वांत निष्ठुर फुली असते ती वीज जाण्याची. ती काहीच विचारत नाही. ज्या ठाकुर्लीच्या वीजघराने एकेकाळी रेल्वेला वीज पुरवली, त्याच परिसराने २००० नंतरच्या दशकात राज्यभरातील भारनियमनाची झळही सोसली. यूपीएसमुळे मिळणारी काही मिनिटे जतन करण्यासाठीच असतात. वर्डमधील सुरक्षित प्रत मुळात दर दहा मिनिटांनी घेतली जाते. हा कालावधी कमी करता येतो, पण अनेकांना ते ठाऊक नसते. ज्या प्रोग्रामने अचानक येणाऱ्या अंधाराची तयारी केली आहे, त्याला फुलीची भीती उरत नाही, हेही यातून दिसते.

चांगल्या प्रोग्रामची लक्षणे

• बदल झालेले नसतील तर एकही प्रश्न न विचारता बंद व्हावे.
• बदल असतील तर ते आपोआप सांभाळावेत. ते शक्य नसेल तरच विचारावे.
• विचारताना फाइलचे नाव सांगावे आणि बटणांवर स्पष्ट क्रियापदे लिहावीत.
• 'एंटर' दाबल्यावर काम वाचावे, नष्ट होऊ नये. 'एस्केप' दाबल्यावर माणूस कामाकडे परतावा.
• छपाई किंवा मोठी फाइल उतरवणे अर्धवट असेल तर तसे सांगावे.
• पार्श्वभूमीत चालू राहणार असल्यास पहिल्याच वेळी कळवावे आणि ही सवय बदलण्याची सोय द्यावी.
• पुन्हा उघडल्यावर माणूस जिथे थांबला होता तिथेच त्याला आणून सोडावे.

या यादीत खर्चिक असे फारसे काही नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्याने दिवसभर काम करून थकलेल्या, घरी जायला निघालेल्या माणसाचा विचार करायचा आहे, इतकेच. तोवर ऑपरेटरने शटर ओढण्यापूर्वी 'कंट्रोल' आणि 'एस' या दोन कळा एकदा दाबून घ्याव्यात, हेच श्रेयस्कर.