ज्या दारूला भट्टी लागत नाही : सोलापूर, मे १९३०

८ मे १९३० रोजी सोलापुरात रूपाभवानी मंदिराच्या परिसरात शिंदीच्या झाडांवर कुऱ्हाडी पडल्या. त्यानंतर चारच दिवसांनी शहरावर लष्करी कायदा जारी झाला आणि आठ महिन्यांनी चार सोलापूरकर येरवड्याच्या तुरुंगात फासावर गेले. हा इतिहास महाराष्ट्राला ठाऊक आहे. एक साधा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. इंग्रजी सत्तेवर चिडलेल्या लोकांनी झाडे का तोडली?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला आधी चुलीपाशी जावे लागते.

बहुतेक मद्यांना विस्तव लागतो. बिअरचेच पाहा. मोड आणून वाळवलेली बार्ली भरडून साधारण ६५ अंशांच्या पाण्यात मुरवतात, गाळलेला गोड अर्क हॉप्सच्या फुलांसह तासभर खळखळ उकळतात, निववतात आणि मग त्यात यीस्ट सोडतात. परदेशात हौसेने घरी बिअर करणाऱ्यांची निम्मी डोकेदुखी यीस्टची नसून शेगडीची असते. गॅसला हवा अपुरी पडली की निळी ज्योत पिवळी होते, भांड्याला काजळी धरते आणि पातेलेभर अर्काला उकळी म्हणून फुटत नाही.

मोहाच्या दारूची तऱ्हा याहून अवघड. फुले भिजवून, आंबवून तयार झालेला सडवा मडक्यात भरायचा, वर दुसरे मडके बसवायचे, सांधे मातीने लिंपायचे, वाफ नळीने बाहेर काढून गार पाण्याने थंड करायची. मद्यार्क सुमारे ७८ अंशांना उकळतो, पाणी १०० अंशांना. सारा खेळ या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत चालतो. जाळ वाढला तर सडवा उसळून नळीत शिरतो किंवा तळाशी करपतो आणि दारूला जळका वास लागतो. जाळ मंदावला तर थेंब थांबतो. सांधा उकलला तर वाफ निसटते आणि विस्तवाजवळ ती पेट घेऊ शकते. मोहाची दारू गाळणे म्हणजे मुख्यतः जाळ राखणे. म्हणूनच मराठीत या दारूला तिच्या चुलीचेच नाव मिळाले : हातभट्टी.

कर घेणाऱ्या सरकारच्या दृष्टीने मात्र भट्टी ही मोठी सोय होती. भट्टीला जागा लागते, भांडी लागतात, सरपण लागते. तिचा धूर दिसतो आणि वासही लपत नाही. जे दिसते ते मोजता येते, आणि जे मोजता येते त्यावर कर बसवता येतो.

१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने नेमके हेच साधले. परवान्याविना दारू गाळणे हा गुन्हा झाला, तसेच गाळण्याची भांडी नुसती जवळ बाळगणे हाही. गावोगावच्या लहान भट्ट्या बंद पाडून दारूचे उत्पादन मोजक्या ठिकाणी आणले गेले. मुंबई आणि ठाण्याकडे जाणारी मोहाची दारू उरणच्या भट्ट्यांतून निघू लागली. १८९२ साली तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवरच निर्बंध घालणारा कायदा आला. आदिवासी घरांत ही फुले खाण्यासाठीही साठवली जात, याची त्या कायद्याला फारशी पर्वा नव्हती.

हे केवळ हिंदुस्थानातच घडले असे नाही. खुद्द ब्रिटनमध्ये १८८० नंतर घरी बिअर करणाऱ्यालाही परवान्याच्या चौकटीत आणले गेले आणि ती अट १९६३ पर्यंत टिकली. अमेरिकेत घरगुती बिअरला संघराज्याच्या कायद्याने मोकळीक मिळाली ती १९७८ साली. फरक एवढाच, की तिथे कायदा करणारे सरकार लोकांनी निवडलेले होते.

शिंदीपाशी येऊन मात्र अबकारी खात्याची ही युक्ती अडते. शिंदीला भट्टीच लागत नाही.

शिंदी म्हणजे रानटी खजुराचे झाड. दख्खनच्या ओढ्याकाठी ते आपोआप वाढते. शेंड्याजवळ छेद देऊन मडके बांधले की रात्रभर रस ठिबकतो. पहाटे उतरवलेला तो गोड रस म्हणजे निरा. मडक्याला आतून चुना लावला असेल तर तो काही काळ गोड राहतो. चुना नसेल तर हवेतले आणि मडक्यातले यीस्ट लगेच कामाला लागते, ऊन चढते तसा रस फेसाळतो आणि दुपारपर्यंत त्याची शिंदी झालेली असते. त्यात ना जाळ, ना नळी, ना धूर. सरकारने धाड घालायची तरी कशावर?

सरकारने मग झाडच धरले. १८७८ च्या त्याच कायद्यात परवान्याविना झाड छेदणे हाही गुन्हा ठरला. छेदायच्या झाडामागे कर बसला, झाडांवर खुणा आणि क्रमांक आले, विक्रीच्या दुकानांना परवाने आले. ओढ्याकाठी कुणीही न लावता उगवलेले झाड अशा रीतीने महसुलाच्या वहीत जाऊन बसले.

मिठाशी असलेले याचे साम्य इथे डोळ्यांत भरते. मिठालाही भट्टी लागत नाही. खाजणातले पाणी सूर्य आटवतो. निसर्ग स्वतःहून करतो त्या दोन गोष्टींवर सरकारने उगमापाशीच पहारा बसवला होता, आणि १९३० च्या उन्हाळ्यात लोकांनी याच दोन पहाऱ्यांना हात घातला. दांडीच्या सत्याग्रहानंतर गांधीजींनी ताडी-शिंदीची झाडे तोडण्याचे आवाहन केले आणि सूरत जिल्ह्यात कुऱ्हाडी चालू लागल्या. मद्यपानबंदी हा त्यातला नैतिक भाग होता. महसुलाचे मूळच छाटणे हा राजकीय भाग, आणि तो सरकारला अधिक झोंबणारा होता.

सोलापूर हे तेव्हा गिरण्यांचे शहर होते. १८७७ साली निघालेल्या जुन्या मिलपासून हजारो कामगारांची वस्ती तिथे वाढली होती, आणि दिवसभर मागावर राबून हाती पडलेल्या मजुरीचा एक वाटा शिंदीच्या दुकानात जात असे. ५ मे रोजी गांधीजींच्या अटकेची बातमी पसरताच शहर पेटून उठले. ८ मे रोजी रूपाभवानीपाशी झाडे तोडणाऱ्यांना पोलिसांनी पकडले. त्यांना सोडा, म्हणून जमाव अडून बसला. जिल्हाधिकारी नाईट तिथे पोहोचले. जमावाला आवरणाऱ्यांत मल्लप्पा धनशेट्टी होते, असे सांगितले जाते. अखेर गोळी सुटली आणि शंकर शिवदारे हा तरुण कोसळला. संतापलेल्या लोकांनी मंगळवार पेठेतील पोलीस चौकी जाळली, पोलीस शिपाई मारले गेले, न्यायालयाची इमारत पेटवली गेली.

पुढचे काही दिवस शहरात इंग्रजी अंमल जवळजवळ उरला नाही. १२ मे रोजी लष्करी कायदा आला आणि तो ३० जूनपर्यंत चालला. तिरंगा फडकवल्याबद्दलही शिक्षा झाल्या. पोलिसांच्या हत्येच्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि ‘गझनफर’ या पत्राचे संपादक अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना दोषी ठरवण्यात आले. १२ जानेवारी १९३१ रोजी चौघांना फाशी झाली.

या गौरवगाथेत एक माणूस बहुधा हरवतो, तो म्हणजे शिंदी उतरवणारा. कमरेला दोर बांधून झाडावर चढणाऱ्या त्या माणसाचा अबकारी महसुलात काडीचाही वाटा नव्हता. उलट झाडामागचा कर त्याच्याच कष्टातून निघे. झाड पडले तेव्हा सरकारचा महसूल बुडाला हे खरे, पण त्याची रोजची भाकरीही गेली. याच झाडाच्या पानांपासून केरसुण्या आणि चटया वळल्या जात. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला जी केरसुणी पुजतात, ती याच शिंदीची. आंदोलनाच्या घोषणांत या माणसासाठी जागा नव्हती, आणि ती का नव्हती हा प्रश्न टाळून १९३० चा इतिहास पुरा होत नाही.

स्वातंत्र्यानंतर १९४९ साली मुंबई दारूबंदी कायदा आला. सरकार बदलले होते, तरी परवान्याविना झाड छेदण्याची मनाई कायम राहिली. निरेला मात्र या कायद्याने ताडीपासून वेगळे स्थान दिले. महाराष्ट्रात निरा विक्री केंद्रांवर आजही सकाळी थंड निरेचा पेला मिळतो. तोच पेला उन्हात दुपारपर्यंत ठेवला, तर कायद्याच्या लेखी आत भरलेल्या द्रवाचे नाव बदलते, आणि त्यासाठी कुणाला काडीही ओढावी लागत नाही.