फलटणची रिक्षा, बूढ़ापाऱ्याची रिक्षा

आमच्या रायपूरच्या बूढ़ापाऱ्यात, सप्रे शाळेसमोरून बुढ्या तलावाकडे चालत गेलात की दहा मिनिटांत पंचवीस ई-रिक्षा मोजता येतात. मी मोजल्या आहेत. निवृत्त फौजी माणसाला दुसरं काम काय! तीस वर्षं लष्कराच्या ईएमईत, म्हणजे गाड्या दुरुस्त ठेवणाऱ्या खात्यात काढली. त्यामुळे गाडी दिसली की आधी तिचं पोट उघडून बघावंसं वाटतं.

आमच्या गल्लीतला एक रिक्षावाला पूर्वी सायकल-रिक्षा ओढायचा. आता ई-रिक्षा चालवतो, कर्जावर घेतलेली. परवा तो म्हणाला, "कर्नलसाहेब, चारही बॅटऱ्या दहा महिन्यांत बसल्या. दुकानदार म्हणतो, तुम्हीच नीट चार्ज केल्या नाहीत." त्याच्या घरातल्या दोन महिन्यांच्या मिळकतीचा हा प्रश्न आहे. आजची गोष्ट तिथूनच सुरू करतो.

विजेची गाडी नवी आहे असं आपण समजतो. नाही. शिसं आणि आम्ल असलेली बॅटरी फ्रान्सच्या गास्तों प्लांतेनं 1859 मध्ये बनवली. 1899 मध्ये बेल्जियमच्या कामिय जेनात्झीनं ताशी 100 किलोमीटरचा टप्पा पहिल्यांदा ओलांडला, तो विजेच्याच गाडीत. मग फोर्डची स्वस्त मॉडेल टी आली, 1912 मध्ये कॅडिलॅकला विजेचा स्टार्टर बसला, हँडल मारून हात मोडून घ्यायची भीती गेली आणि पेट्रोलनं मैदान मारलं. गंमत बघा, पेट्रोलगाडीला जिंकून दिलं ते एका विजेच्या मोटरनं.

हायब्रिडही तितकंच जुनं. 1900 च्या आसपास तरुण फर्डिनांड पोर्शेनं अशी गाडी बनवली की पेट्रोल इंजिन फक्त वीज तयार करी आणि चाकं फिरवी ती मोटर. याला सिरीज हायब्रिड म्हणतात. हीच कल्पना त्यानं पुढे रणगाड्यात घातली. 1943 च्या जुलैत कुर्स्कच्या लढाईत उतरलेला जर्मनांचा 'फर्डिनांड' तसाच होता: दोन इंजिनं, जनित्रं आणि मोटरी. ओझं भयंकर, तांबं मुबलक लागे, बिघडला की जागचा हलवणं कठीण. असलं धूड ओढून आणायची पाळी ज्याच्यावर येते, त्याच्या नजरेनं मी ते वर्णन वाचतो. पण लांब कशाला जायचं? रायपूर स्टेशनावरून वर्षानुवर्षं मालगाड्या ओढणारं डिझेल इंजिन याच तत्त्वाचं. डिझेल वीज करतं, चाकं मोटर फिरवते. फक्त वीज साठवायला मोठी बॅटरी नाही, म्हणून त्याला हायब्रिड म्हणत नाहीत.

दुसरा प्रकार पॅरलल. यात दोन्ही शक्ती एकाच चाकाला हात लावतात. याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण आपल्या सातारा जिल्ह्यातल्या फलटणचं. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत, म्हणजे 'नारी'त, डॉ. अनिल राजवंशी 1981 मध्ये अमेरिकेहून येऊन रुजू झाले. माणूस मूळचा लखनौचा, पण काम फलटणला केलं. नव्वदच्या दशकापासून त्यांनी सायकल-रिक्षा हाती घेतली. ओढणाऱ्याचे गुडघे आणि छाती वाचावी म्हणून तीन रूपं केली: गिअर आणि चांगले ब्रेक असलेली सुधारित रिक्षा, पायडलला मोटरची मदत असलेली रिक्षा, आणि निव्वळ बॅटरीवरची 'इलेक्शा'. मधली म्हणजे खरी पॅरलल हायब्रिड. फक्त इंजिनाच्या जागी माणसाचे पाय! 2002 मध्ये 'करंट सायन्स'मध्ये त्यांनी यावर लेखही लिहिला.

मग ती बूढ़ापाऱ्यात का पोचली नाही? कायद्यात तिला खानाच नव्हता. सायकल म्हणावी तर मोटर आहे, मोटर म्हणावी तर नंबर नाही. 2010 च्या सुमारास दिल्लीत चिनी सुटे भाग जोडलेल्या ई-रिक्षांचा पूर आला. 31 जुलै 2014 ला दिल्ली उच्च न्यायालयानं त्या थांबवल्या, तेव्हा कुठे सरकार हललं. नियम झाले, 2015 मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. चार प्रवासी, ताशी 25 किलोमीटर. म्हणजे आधी बाजार आला, मग कायदा, आणि ओढणाऱ्याचा विचार करून केलेलं डिझाइन कागदावर राहिलं. माझ्या मते ही आपली मोठी चूक.

बाकी प्रकार झटपट सांगतो. टोयोटानं 1997 मध्ये प्रियस आणली, तिच्यात सिरीज आणि पॅरलल दोन्ही एकत्र. घरी चार्ज होणारी ती प्लग-इन. पुण्याच्या केपीआयटीनं 2010 मध्ये जुन्या मोटारी हायब्रिड करायचा 'रिव्होलो' नावाचा संच दाखवला होता. धीट कल्पना, पण रस्त्यावर रुळली नाही. निव्वळ विजेवरची बजाजची नवी चेतक आणि टाटांची नेक्सॉन, दोन्ही जानेवारी 2020 च्या, दोन्ही पुण्याच्या परिसरातल्या.

जगाचं म्हणाल तर 2024 मध्ये प्लग-इन धरून विजेच्या 1 कोटी 70 लाखांहून जास्त मोटारी विकल्या गेल्या, पाचात एकाहून थोड्या जास्त. त्यातल्या जवळजवळ दोन तृतीयांश एकट्या चीनमध्ये. भारत मोटारींत मागे आहे. पण विजेच्या तीनचाकींत 2023 पासून आपण चीनलाही मागे टाकलं आहे. ही बाजी मारली ती आमच्या गल्लीतल्या रिक्षावाल्यासारख्यांनी, स्वतःच्या कर्जावर.

आता त्याची बॅटरी. शिशाची बॅटरी पूर्ण उतरेपर्यंत वापरली की लवकर मरते, आणि दिवसभर फेऱ्या मारणारा माणूस ती उतरेपर्यंतच वापरणार. लिथियमची जास्त टिकते, पण एकदम पैसे मोजावे लागतात. मी त्याच्या चार्जरचं व्होल्टेज मोजलं. तो हवं त्यापेक्षा जास्त देत होता. बॅटरीतलं पाणी आटलं होतं ते त्यामुळे. आकडे वहीत लिहून दिलेत. शनिवारी आम्ही दोघं त्या दुकानदाराकडे जाणार आहोत, मीटर घेऊन.